कोकॅनी सॅमनसाठी डॉजर आणि फ्लॅशर कसे वापरायचे: नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

सिएटल, रेडमंड, बॉथेल या भागात राहणारे आपले बरेच लोक उन्हाळ्यात फिशिंगकडे वळतात, आधी किनाऱ्यावरून ट्राउट, मग कुणाच्या तरी बोटीतून कोकॅनी, आणि कोकॅनीची चव एकदा लागली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ते लाईनला लावायचं चमकणारं पातं नक्की कुठलं घ्यायचं आणि बांधायचं कसं. हा लेख त्या पात्याबद्दलच, म्हणजे डॉजर आणि फ्लॅशरबद्दल आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या तलावांच्या हिशोबाने लिहितोय, पण कॅलिफोर्निया, ओरेगन, आयडाहोमध्येही मासा तोच आणि पद्धत जवळपास हीच, फक्त तिकडचे नियम वेगळे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नवीन माणूस दुकानात गेला की भिंतभर लटकवलेले रंगीत लूर (हूक लावलेली खोटी आमिषं) बघून रंगांच्या मागे लागतो, गुलाबी घेऊ की केशरी घेऊ, ठिपकेवाला घेऊ की बिनठिपक्याचा. कोकॅनीसाठी बोट हळू चालवत लूर मागे ओढायचा असतो, याला ट्रोलिंग म्हणतात, आणि त्यात माशाला लांबून बोलावणं आणि लूरला नाचवणं ही दोन्ही कामं डॉजर करतो, लूर स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. त्यामुळे डॉजरची चाल, लीडरची (डॉजर आणि लूर यांच्यामधल्या लाईनची) लांबी आणि बोटीचा वेग या तीन गोष्टी आधी जमवा, रंग नंतर.

आधी मासा समजून घ्या

कोकॅनी म्हणजे सॉकाय सॅमनच, पण समुद्रात न जाता सगळं आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा. साधारण ३ ते ४ वर्षं जगतो, शेवटच्या वर्षी शरद ऋतूत लाल होतो, अंडी घालतो आणि मरतो. आपल्याकडच्या तलावांत नेहमी मिळणारा मासा १० ते १६ इंचांचा. ओरेगनच्या वालोवा तलावात २०१० मध्ये ९ पौंडांच्या वरचा कोकॅनी सापडला होता, पण तो विश्वविक्रम आहे, आपण पौंड-सव्वापौंडाच्या माशाची तयारी करायची.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा मासा खातो काय. चिनूक किंवा कोहो सॅमन छोटे मासे पकडून खातात, कोकॅनी मुख्यतः डाफ्नियासारखे पाण्यातले अगदी बारीक जीव खातो, कल्ल्यांमधल्या दाट काट्यांच्या चाळणीत अडकवून. मग असा मासा गुलाबी रबराच्या इवल्याशा ऑक्टोपससारख्या लूरला का तोंड लावेल? भुकेपेक्षा कुतूहल आणि चिडचिड जास्त. तो घोळक्यात फिरतो, काहीतरी चमकलं, पाण्यात धडधड झाली की बघायला येतो, मागे मागे चालतो, आणि त्या चमकणाऱ्या वस्तूच्या मागे एखादी छोटी गोष्ट झटके देत पळताना दिसली की तिच्यावर झडप घालतो. म्हणून इथे साधा लूर एकटा ओढण्यात फारसा अर्थ नाही. मासा येतो डॉजरकडे, तोंड लावतो लूरला.

फ्लॅशर, डॉजर आणि लेक ट्रोल

दुकानात, बोटीवर सगळे सगळ्यालाच फ्लॅशर म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. तीन वेगळ्या वस्तू आहेत.

डॉजर म्हणजे थोडं वाकवलेलं, लांबट धातूचं पातं, जे हळू वेगात डावीकडे-उजवीकडे झुलतं, पूर्ण गोल फिरत नाही. शेवटी जो झटका बसतो तो लीडरमधून लूरपर्यंत जातो आणि लूर उडी मारल्यासारखा हलतो. कोकॅनीसाठी हेच पहिलं हत्यार.

फ्लॅशर, म्हणजे खरा फ्लॅशर, जास्त वेगात पूर्ण गोल फिरतो. समुद्रात किंवा मोठ्या नद्यांत चिनूकसाठी जे ८ ते ११ इंचांचे मोठे प्लास्टिकचे फ्लॅशर वापरतात ते हे. कोकॅनीच्या हलक्या रॉडवर हे लावू नका, एकतर त्यांना लागणारा वेग कोकॅनीला जास्त होतो, आणि त्यांची ओढ एवढी असते की बारका मासा लागलाय की नाही हेच कळत नाही.

लेक ट्रोल म्हणजे एका तारेवर ओळीने लावलेली चार-पाच फिरणारी पाती. फोर्ड फेंडर हे यातलं जुनं आणि प्रसिद्ध नाव. यातून चमक भरपूर मिळते, लांबून मासा येतो, गढूळ पाण्यात किंवा विखुरलेले मासे शोधताना उपयोगी. पण ही पाती आपल्या जागी फिरतात, मागच्या लूरला झटका देत नाहीत. म्हणून लेक ट्रोलमागे असा लूर लावायचा ज्याला स्वतःची हालचाल आहे, उदाहरणार्थ स्वतःचं पातं असलेला वेडिंग रिंग स्पिनर. निव्वळ रबरी ऑक्टोपस लेक ट्रोलमागे लावला तर तो काठीसारखा सरळ ओढला जातो, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं आणि दिवसभर तसंच ओढत बसतात.

पहिल्या वर्षी ४ ते ६ इंचांचे तीन डॉजर घ्या, बस. एक हातोड्याने ठोकल्यासारखा खडबडीत पृष्ठभाग असलेला चांदीचा, तो उन्हात खूप लांबवर प्रकाश फेकतो. एक गुलाबी किंवा केशरी, यूव्ही रंगाचा. एक अंधारात चमकणारा, ज्याला ग्लो म्हणतात, तो पहाटे आणि खोल पाण्यात. स्लिंग ब्लेड नावाचे निमुळते डॉजर मिळतात, ते पाण्यात कमी ओढ देतात आणि वेगाची थोडी चूक खपवून घेतात, नवीन माणसासाठी मला ते पारंपरिक रुंद डॉजरपेक्षा बरे वाटतात. कयाकवरून करणार असाल तर ४ इंचांचाच घ्या.

बाकीचं सामान

रॉड ७ ते ८ फुटांचा, अगदी लवचिक, धनुष्यासारखा पूर्ण वाकणारा. कोकॅनीचं तोंड फार मऊ असतं, ताठ रॉडने हूक तोंड फाडून निघतो. मुख्य लाईन ८ ते १० पौंडांची (म्हणजे तेवढी ओढ सहन करणारी) साधी मोनो, नायलॉनची एकपदरी, पुरे, मोनो थोडी ताणते आणि तो ताण इथे आपल्याला हवाच आहे. ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन जवळजवळ ताणत नाही, ती लावणार असाल तर ड्रॅग (रीलमधून लाईन सुटू न देणारा ब्रेक) खूप ढिला ठेवा.

रीलवरच्या लाईनच्या टोकाला चांगला बॉल बेअरिंग स्विव्हल, म्हणजे लाईनला पीळ पडू न देणारी फिरती कडी. इथे दोन डॉलर वाचवू नका, स्वस्त स्विव्हल फिरत नाही आणि मग लाईनला असा पीळ पडतो की अख्खी लाईन कापून टाकावी लागते. स्विव्हलच्या क्लिपला डॉजर, डॉजरच्या मागच्या कडीला दुसरा छोटा स्विव्हल, त्याला लीडर, लीडरच्या शेवटी लूर. बस एवढीच रचना. डॉजरचं पुढचं टोक कुठलं ते पाकिटावर बघून घ्या, उलटा बांधला तर चाल पूर्ण बिघडते.

लीडर: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

लीडर म्हणजे डॉजर आणि लूर यांच्यामधली लाईन. ती छोटी असेल तर डॉजरचा झटका लूरपर्यंत जोरात पोचतो, लांब असेल तर झटका वाटेतच विरतो. डॉजरच्या लांबीच्या दुप्पट ते तिप्पट, हा ठोकताळा धरून चाला. ४ इंचांचा डॉजर असेल तर ८ ते १२ इंचांचा लीडर, ६ इंचांचा असेल तर १२ ते १८. हे गणित रबरी ऑक्टोपस किंवा साध्या मण्या-पात्याच्या लूरसाठी आहे, ज्यांचं छोटं पातं फिरलं तरी लूर स्वतः वळवळत नाही.

लूरला स्वतःची चाल असेल, म्हणजे छोटा वळवळणारा स्पून (चमच्यासारखा धातूचा लूर) किंवा प्लग (छोट्या माशासारखा लूर) असेल, तर लीडर लांब ठेवा, १८ ते २४ इंच किंवा त्याहूनही थोडा जास्त, नाहीतर डॉजरचा झटका आणि लूरची वळवळ एकमेकांत अडकतात आणि दोन्ही मरतात.

लीडरची जाडी बघून नवीन लोक हमखास चुकतात, मासा लहान म्हणून ४-६ पौंडांची बारीक लाईन घेतात. उलट करायचं. १० ते १२ पौंडांची फ्लोरोकार्बन घ्या, काहीजण १५ पण वापरतात. जाड लाईन ताठ असते आणि ताठ लाईनच झटका पुढे नेते, बारीक लाईन मऊ पडते. शिवाय जाड लाईन गुंतते पण कमी.

घरी टीव्हीसमोर बसून वेगवेगळ्या लांबीचे लीडर आधीच बांधून ठेवा, ८, १०, १२, १४ इंच, आणि फोमच्या गुंडाळीवर गुंडाळून त्यावर लांबी लिहा. बोटीवर थंडीत बोटं आखडलेली असताना दोन हूकचा स्नेल (हूक लाईनला बांधायची गाठ) बांधणं नको वाटतं, आणि लीडर बदलणं जेवढं सोपं असेल तेवढं तुम्ही ते खरंच कराल. एका लीडरवर दोन हूक, नंबर ४ किंवा ६, एकामागे एक, दोघांत इंच-दीड इंच अंतर. हूक धारदार पाहिजे, नखावर ठेवून घसरला तर बदला. आणि लांबी मोजताना डॉजरच्या मागच्या कडीपासून लूरपर्यंत मोजा.

लूर आणि मका

दीड इंचाचा गुलाबी रबरी ऑक्टोपस, ज्याला इथे मायक्रो हूची म्हणतात, त्याच्या आत एक-दोन मणी म्हणजे हूक बरोबर जागेवर बसतो, आणि डोक्यावर एक छोटं फिरणारं प्लास्टिकचं पातं, स्माइल ब्लेड. पहिला लूर हाच ठेवा. दुसरा केशरी. तिसरा वेडिंग रिंग. एवढ्यावर पूर्ण सीझन निघतो.

हूकच्या टोकावर पांढरा मका, इथे शूपेग कॉर्न म्हणून डब्यात मिळतो. पिवळा मका पण चालतो पण पांढरा जास्त घट्ट असतो आणि हूकवर टिकतो. प्रत्येक हूकवर एक दाणा, जास्तीत जास्त दोन. दाण्यांचा गोळा लावला की लूर जड होतो आणि डॉजरने दिलेला झटका मेला म्हणून समजा. मक्याचं पाणी काढून त्यात थोडं मीठ आणि वासासाठी लसूण, ट्यूनाचं तेल किंवा क्रिलचा अर्क घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. मी दोन डब्या वेगळ्या करतो, एकीत लसूण, एकीत ट्यूना, आणि दोन रॉडवर दोन वास लावतो, मग त्या दिवशी कुठला चालतोय ते मासेच सांगतात. अर्ध्या तासाने दाणे बदला, पाण्यात वास धुऊन जातो. आणि सनस्क्रीन किंवा पेट्रोल लागलेल्या हाताने मक्याला हात लावू नका, आधी साबणाने हात धुवा.

पाण्यात सोडण्याआधी बोटीच्या बाजूला बघा

हे पाऊल कुणीही टाळू नका. बोट चालू ठेवून डॉजर लूरसकट बोटीच्या बाजूला पाण्यात सोडा, अगदी वरच, दिसेल असा. आता नीट बघत रहा. डॉजर डावी-उजवीकडे लयीत झुलला पाहिजे आणि प्रत्येक झोक्याच्या शेवटी लूर झटका खाऊन उडाला पाहिजे. डॉजर नुसता सरळ घसटत असेल तर वेग थोडा वाढवा. गोल गोल फिरायला लागला तर वेग जास्त झाला, कमी करा. बरोबर झुलतोय पण लूर शांत आहे, तर लीडर दोन इंच कमी करा. बरेच धातूचे डॉजर हाताने थोडे वाकवता येतात, दोन्ही टोकांना थोडा जास्त बाक दिला की तो कमी वेगातही जोरात झुलतो, पण एकदम जास्त वाकवू नका, थोडं वाकवा, परत पाण्यात बघा.

चाल बरोबर दिसली की जीपीएसवरचा वेग बघून ठेवा. तोच तुमच्या त्या डॉजरचा वेग. दोन रॉड असतील तर दोन्हीवर एकाच प्रकारचे डॉजर लावा, रंग वेगळे असले तरी चालतील, कारण रुंद डॉजर आणि निमुळता डॉजर यांना वेगळा वेग लागतो आणि एकाला बरोबर असलेल्या वेगात दुसरा नीट चालणार नाही.

वेग आणि वळणं

कोकॅनीसाठी साधारण ताशी १ ते दीड मैल. हे खूपच हळू आहे, माणूस रमतगमत चालतो त्याहून हळू. मोठं इंजिन एवढं हळू चालत नाही, म्हणून लोक छोटी किकर मोटर (मोठ्या इंजिनाशेजारी लावलेलं दुसरं छोटं इंजिन) किंवा इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर वापरतात, तेही नसेल तर बोटीच्या मागे पाण्यात कापडी पिशवीसारखा ड्रिफ्ट सॉक सोडतात, तो बोट अडवून धरतो. वाऱ्यासोबत जाताना आणि वाऱ्याविरुद्ध जाताना वेग बदलतो, इंजिनाच्या आवाजावर विश्वास ठेवू नका, जीपीएसचा आकडा बघा आणि अधूनमधून रॉडचं टोक पण बघा, डॉजर नीट चालत असेल तर टोक एका लयीत हलत असतं, ती लय थांबली तर काहीतरी अडकलंय, शेवाळ लागलंय किंवा लीडर गुंतलाय, वर काढून बघा.

सरळ रेषेत बोट चालवू नका. मोठं एस काढत चला. वळताना बाहेरच्या बाजूचा डॉजर वेगात जातो आणि थोडा वर येतो, आतल्या बाजूचा हळू होतो आणि थोडा खाली जातो, म्हणजे एकाच वळणात तुम्ही दोन वेग आणि पाण्यातल्या दोन पातळ्या तपासल्या. मासा वळताना बाहेरच्या रॉडला लागला तर वेग जरा वाढवा, आतल्याला लागला तर कमी करा. या एका गोष्टीतून तुम्हाला तलाव जेवढं सांगेल तेवढं फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारं यंत्र) पण सांगत नाही असं मला मनापासून वाटतं. पण वळण मोठं घ्या, अचानक फिरलात तर सगळ्या लाईन एकमेकींत गुंतून वेणी होते.

खोली

कोकॅनीला १० ते १२ डिग्री सेल्सिअसचं पाणी आवडतं, म्हणजे साधारण ५० ते ५४ फॅरनहाइट. एप्रिलमध्ये वरचं पाणीच थंड असतं म्हणून मासे वरच्या १०-२० फुटांत असतात, जून-जुलैमध्ये ३० ते ६० फुटांवर जातात, ऑगस्टमध्ये आणखी खोल. हे तलावागणिक बदलतं, आकडे फक्त सुरुवातीला कुठे शोधायचं त्यासाठी.

सुरुवात करायला एव्हरेटजवळचा लेक स्टीव्हन्स मला फार आवडतो. सगळ्यात खोल भाग साधारण १५० फूट, तळ बराचसा सपाट, त्यामुळे डाउनरिगरचा (लाईन हव्या त्या खोलीवर नेणाऱ्या यंत्राचा) जड गोळा अडकण्याची भीती कमी, आणि सिएटलहून तासाभरात पोचता. दक्षिणेकडे असाल तर लुईस नदीवरच्या धरणांमुळे झालेले मर्विन आणि येल हे तलाव कोकॅनीसाठी प्रसिद्ध आहेत, मात्र तिथे पाण्याखाली जुनी झाडं, ओंडके आहेत, त्यामुळे खाली जाताना फिशफाइंडरवर लक्ष ठेवा.

डाउनरिगर असेल तर काम सोपं आहे, जड गोळ्याच्या क्लिपला लाईन लावायची आणि गोळा हवा तेवढा खाली सोडायचा. प्रश्न असतो डॉजर गोळ्याच्या किती मागे ठेवायचा याचा. वरवर फिशिंग करताना मासे बोटीला घाबरतात, तेव्हा ७५ ते १०० फूट मागे सोडा. ३०-४० फूट खोल गेलात की ३० ते ५० फूट पुरे. ६० फुटांच्या खाली १० ते २० फूट ठेवा. जेवढं जवळ तेवढं गुंतणं कमी आणि मासा लागल्याचं लगेच कळतं. क्लिप अगदी हलकी लावा, कोकॅनीला घट्ट क्लिपमधून लाईन ओढून काढायची ताकद नसते, आणि मग मासा लागून ओढला जात असतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. लाईन लावली की रील फिरवून रॉड चांगला वाकवून ठेवा, क्लिप सुटली की रॉड स्वतःच सरळ होऊन ढील खेचून घेतो.

डाउनरिगर नसेल तर लेडकोअर लाईन घ्या, म्हणजे आत शिशाची तार असलेली जड लाईन. तिच्यावर दर १० यार्डांनी रंग बदलतो, किती रंग सोडले ते मोजायचं, एका रंगामागे साधारण ५ ते ७ फूट खोली मिळते, हळू चाललात तर जास्त, वेगात कमी. त्याहून सोपं म्हणजे डॉजरच्या ४-५ फूट पुढे एक-दोन औंसाचं केळ्याच्या आकाराचं वजन लावायचं, वसंत ऋतूत मासे वर असताना एवढ्यावर मस्त मासे मिळतात.

फिशफाइंडरवर घोळका दिसला की डॉजर त्याच्या पातळीवर किंवा पाच-सात फूट वर ठेवा, खाली कधीच नको. मासा वरची वस्तू बघतो आणि वर येतो, खाली उतरून क्वचितच घेतो.

आता रंगांबद्दल, कारण ते विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. पाण्यात खाली जाताना लाल रंग सगळ्यात आधी विझतो, मग केशरी, हिरवा आणि निळा खूप खोलपर्यंत टिकतात. तरीही गुलाबी-केशरी डॉजर ६० फुटांवर मासे आणतात, कारण ते साधे रंग नसतात, खाली पोचणारा निळसर आणि अतिनील प्रकाश शोषून ते स्वतः उजळतात. म्हणूनच यूव्ही लिहिलेला घ्या म्हटलं. लख्ख ऊन आणि नितळ पाणी असेल तर चांदीचा, ढगाळ किंवा पहाटे ग्लो, बाकी वेळी गुलाबी. वीस मिनिटांत काही झालं नाही तर आधी खोली बदला, मग वेग, मग लीडर, आणि सगळ्यात शेवटी रंग. पहाटे उजाडल्यापासून पहिले दोन-तीन तास सगळ्यात चांगले, दहा वाजता धक्क्यावर पोचणाऱ्यांचं अर्धं काम हुकलेलं असतं.

ऑगस्टच्या शेवटी मासे अंडी घालायच्या तयारीला लागतात, नराचा जबडा वाकडा होतो, अंगावर लाली येते. तेव्हा ते जास्त भांडकुदळ होतात, मोठा डॉजर, भडक लूर चालतो. पण मांसाची प्रत उतरायला लागते, म्हणून लाली चढलेला मासा मी सोडून देतो, त्याला अंडी घालू देतो.

मासा लागल्यावर

रॉडचं टोक धडधडलं की जोरात झटका देऊ नका. वेग तसाच ठेवा, रॉड हळूच उचला, आणि ढील न देता एकसारखं रील फिरवत रहा. कोकॅनी आकाराच्या मानाने वेड्यासारखा लढतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, गोल गिरक्या घेतो. बोट पूर्ण थांबवलीत तर डॉजर खाली बसतो आणि ढील पडते, तिथेच बरेचसे मासे सुटतात.

डॉजर रॉडच्या टोकापासून फूटभर राहिला की रील थांबवा, नाहीतर स्विव्हल टोकाच्या कडीत घुसून कडी फुटते. मग रॉड वर आणि मागे नेऊन मासा जाळ्याकडे आणा. लांब रॉड आणि छोटा लीडर यांचा फायदा इथे कळतो, लीडर ४ फुटांचा असता तर मासा जाळ्यापर्यंत आलाच नसता. जाळं आधी पाण्यात, मासा त्याच्यावर, मग उचला. लाईन धरून मासा उचलून बोटीत घ्यायचा प्रयत्न कुणीच करू नका, मऊ तोंड तिथेच फाटतं.

ठेवणार असाल तर लगेच कल्ल्याजवळ कापून रक्त काढा आणि बर्फाच्या पाण्यात ठेवा. उन्हात बादलीत तासभर पडलेला कोकॅनी मऊ पडतो. याचं मांस लालभडक आणि तेलकट असतं, हळद-मीठ-तिखट आणि आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर, दुसरं काही लागत नाही, मालवण-अलिबागच्या माणसांना पण आवडतो हे बघितलंय.

नियम

वॉशिंग्टनमध्ये १५ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला गोड्या पाण्याचं लायसन्स लागतं, ते १ एप्रिल ते ३१ मार्च असं चालतं, त्यामुळे मार्चमध्ये विकत घेताना तारीख बघा. एका माणसाला दोन रॉड वापरायचे तर टू पोल एंडोर्समेंट वेगळं घ्यावं लागतं आणि तेही प्रत्येक तलावावर चालत नाही. १५ किंवा जास्त हॉर्सपॉवरची मोटर चालवायला बहुतेकांना बोटर एज्युकेशन कार्ड लागतं. किती मासे ठेवायचे ते तलावावर अवलंबून आहे, राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याच्या फिश वॉशिंग्टन ॲपमध्ये त्या दिवशीचा त्या तलावाचा नियम बघून निघा. लेक सम्मामिश आपल्यातल्या अनेकांच्या घराजवळ आहे, पण तिथले कोकॅनी मूळचे आहेत, फार कमी उरलेत, आणि ते ठेवायला परवानगी नाही. तिथे चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता हूक सोडवा.

लाईफ जॅकेट बोटीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. मे महिन्यात वर ऊन असतं पण पाणी एवढं थंड असतं की चांगला पोहणारा माणूसही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. मुलं सोबत असतील तर हे आधी, बाकी सगळं नंतर.

घरी आल्यावर

डॉजर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडे करा, लीडर काढून गुंडाळीवर परत लावा, वाकलेले हूक फेकून द्या. मक्याचं तेल आणि बोटांचे ठसे डॉजरवर राहिले की चमक मंद होते, साबणाच्या कोमट पाण्याने जातात. बिनरंगाचे तांब्या-पितळेचे डॉजर काळपट पडले तर इंडियन स्टोअरमधली पितांबरी घेऊन हलक्या हाताने घासा, दोन मिनिटांत लखलखतात, पण नंतर भरपूर पाण्याने धुवा म्हणजे पावडरचा वास राहणार नाही. यूव्ही, ग्लो किंवा रंग दिलेल्या डॉजरला मात्र पितांबरी लावू नका, वरचा थर खरवडला जातो, त्यांना फक्त साबण आणि मऊ फडकं.